पोस्ट-ट्रुथचं राजकारण आणि विज्ञानाचे अभ्यासक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्ट-ट्रुथ म्हणजे जिथे लोकांचं मत ठरताना तथ्यांपेक्षा भावना आणि आधीच्या समजुती जास्त चालतात ती परिस्थिती. त्याबद्दल वर्गात, वाचनगटात, कधी लग्नाच्या पंगतीत सुद्धा हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उत्तरं माझी आहेत. या क्षेत्रातल्या सगळ्यांना ती पटतील असं अजिबात नाही, उलट 2017 पासून यावर आमच्यातच कडाक्याचं भांडण चालू आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे तेही खाली आलंय.

विज्ञानाचे अभ्यासक म्हणजे वैज्ञानिकच ना?

नाही. वैज्ञानिक पेशी, तारे, खडक, विषाणू बघतात, आणि मी ज्यांच्याबद्दल बोलतेय ती मंडळी वैज्ञानिक काम कसं करतात ते बघतात. इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ असे सगळे यात आले. विषयाचं पूर्ण नाव सायन्स अँड टेक्नॉलॉजी स्टडीज, बोलताना एसटीएस.

एक उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. ब्रुनो लातूर हे फ्रेंच अभ्यासक 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथल्या एका हार्मोनवाल्या लॅबमध्ये जवळपास दोन वर्षं बसून राहिले, फक्त हे बघायला की इथली माणसं दिवसभर करतात काय. त्या लॅबच्या प्रमुखाने, म्हणजे रॉजर गिलमन यांनी, लाखो मेंढ्यांच्या मेंदूतला एक छोटासा भाग गोळा करून त्यातून टीआरएफ नावाचं हार्मोन अगदी कणभर वेगळं काढलं होतं आणि 1969 मध्ये त्याची रचना नक्की झाली होती, 1977 चं नोबेल त्याच कामाचं. लातूर आणि स्टीव्ह वुलगर यांनी 1979 मध्ये त्या लॅबवर पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं की वैज्ञानिक तथ्य आयतं सापडत नाही, ते उभं करावं लागतं, त्याला यंत्रं लागतात, पैसा लागतो, माणसं लागतात, वाद लागतात, ढीगभर कागद लागतात.

"उभं करावं लागतं" ऐकलं की लोकांना वाटतं, म्हणजे बनावट. तसं नाहीये. मेहनतीने उभं केलेलं आणि खोटं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या पानावरचं निम्मं भांडण या दोन्ही एकच समजल्यामुळे झालेलं आहे.

मग पोस्ट-ट्रुथशी यांचा काय संबंध?

2016 आठवा. ब्रेक्झिटच्या प्रचारात आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात असं बसवर रंगवून ती बस देशभर फिरवली, मायकेल गोव्ह नावाचे मंत्री टीव्हीवर म्हणाले की लोकांना आता तज्ज्ञांचा कंटाळा आलाय, मग अमेरिकेत ट्रम्प निवडून आले, त्याच नोव्हेंबरात ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी पोस्ट-ट्रुथ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आणि जानेवारी 2017 मध्ये शपथविधीला गर्दी किती होती यावरून वाद झाला तेव्हा ट्रम्प यांच्या सल्लागार केलिॲन कॉनवे यांनी "पर्यायी तथ्यं" असा शब्दप्रयोग केला.

तेव्हा बऱ्याच जणांनी बोट दाखवलं ते एसटीएसकडे. तुम्हीच चाळीस वर्षं सांगत होतात ना की सत्य हे समाजाकडून घडवलं जातं, घ्या आता. आरोप नवा नव्हता, 1996 मध्ये ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम निरर्थक लेख लिहून एका नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आणला तेव्हाही हेच ऐकायला मिळालं होतं, फक्त तेव्हा भांडण प्राध्यापकांमधलं होतं आणि आता देश, हवामान, लसी पणाला लागल्या होत्या.

सिमेट्री सिमेट्री म्हणतात ते काय असतं?

एडिंबरोच्या डेव्हिड ब्लूर यांनी 1976 मध्ये मांडलेलं तत्त्व. एखादी समजूत लोकांनी का स्वीकारली हे शोधताना, ती खरी निघाली म्हणून एक प्रकारचं कारण आणि खोटी निघाली म्हणून दुसऱ्या प्रकारचं कारण, असं करायचं नाही. दोन्हीकडे सारखीच चौकशी करायची. पूर्वीचा इतिहास असा असायचा की बरोबर ठरलेला माणूस पुरावा बघून पटला आणि चुकलेला माणूस मात्र धर्म, स्वार्थ, हट्ट यामुळे चुकला. ब्लूर म्हणाले, असं नको, बरोबर ठरलेल्याच्या मागेही पैसा, शिक्षण, मैत्री, हट्ट होतेच की, तेही बघा.

हे तत्त्व शोध घेण्यापुरतं आहे. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या आहेत असा निकाल त्यात कुठेच नाही. पण खरं सांगायचं तर आमच्यातल्या काहींनी ते निकालासारखं वापरलं, तसं वापरलं की लेख चटपटीत होतो, आणि हा आरोप अंगावर आला त्यात त्यांचा वाटा आहे.

लातूरनी नंतर सगळं मागे घेतलं ना?

सगळं नाही. 2004 मध्ये त्यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. निमित्त होतं फ्रँक लुंट्झ या रिपब्लिकन पक्षाच्या सल्लागाराचा मेमो. त्यात नेत्यांना सल्ला होता की हवामानबदलाबद्दल वैज्ञानिकांना अजून पूर्ण खात्री नाही हाच मुद्दा लावून धरा, कारण लोकांना वाटलं की विज्ञानाचं ठरलंय तर त्यांचं मत त्याप्रमाणे बदलेल. लातूर हादरले. "पूर्ण खात्री नाही" हे वाक्य तर आपणही वापरत होतो, वेगळ्या कारणासाठी, लोकांना घाईघाईने गप्प करू नये म्हणून. त्यांनी विचारलं की आपली टीकेची हत्यारं चुकीच्या हातात गेली आहेत का.

पण पुढे ते काय म्हणाले ते कोणी सांगत नाही. तथ्यांपासून लांब जाणं हा आमचा हेतू कधीच नव्हता, तथ्यांच्या आणखी जवळ जायचं होतं, असं ते म्हणाले. 2022 मध्ये ते वारले तोपर्यंत ते हवामान वैज्ञानिकांच्या बाजूने उभे राहून हेच सांगत होते की तथ्य स्वतःच्या ताकदीवर टिकत नाही, त्याच्यामागे विश्वासार्ह संस्था, बऱ्यापैकी भरवशाची माध्यमं आणि सार्वजनिक जीवन लागतं. मला वाटतं या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे.

लुंट्झ यांनीही 2019 मध्ये अमेरिकन सिनेटर्ससमोर येऊन आपण तेव्हा चुकलो होतो असं सांगितलं. मधल्या वर्षांत वातावरणात गेलेला कार्बन काही परत येत नाही.

म्हणजे दोष एसटीएसचाच की नाही, एकदा सांगा.

तारखा बघा. डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकेतल्या बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये भेटले, कारण तंबाखू आणि कॅन्सरचा संबंध दाखवणारे प्रयोग छापून आले होते. जानेवारी 1954 मध्ये त्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं की आम्ही संशोधनाला पैसे देऊ, अजून काही सिद्ध झालेलं नाही. 1969 च्या एका कंपनीच्या अंतर्गत मेमोत तर सरळ लिहिलंय की शंका हाच आपला माल आहे. ब्लूर यांचं तत्त्व यायला तेव्हा आणखी सात वर्षं होती, लातूर अजून लॅबमध्ये गेलेही नव्हते.

सिगारेट कंपन्यांना शंका विकायला फ्रेंच तत्त्वज्ञान लागलं नाही. त्यांना लागली जाहिरात कंपनी, वकील आणि भाड्याने मिळणारे काही पदवीधारक. उलट 1998 नंतर कोर्टाच्या तडजोडीतून त्या कंपन्यांचे लाखो कागद उघडे झाले तेव्हा ते चाळून ही शंका कशी तयार केली गेली हे दाखवणारे लोक आमच्याच क्षेत्रातले इतिहासकार होते. अज्ञान आपोआप असतं असं नाही, ते तयारही करता येतं, त्याचाही खर्च असतो, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं.

तरी कोणीतरी एसटीएसवाला कोर्टात आयडीच्या, म्हणजे इंटेलिजेंट डिझाइनच्या बाजूने गेला होता म्हणे?

हो, स्टीव्ह फुलर. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात डोव्हर गावच्या शाळेचा खटला, इंटेलिजेंट डिझाइन, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान शक्तीने घडवले हा दावा, उत्क्रांतीला पर्याय म्हणून मुलांसमोर ठेवायचं की नाही यावर. फुलर शाळा मंडळाच्या बाजूने साक्ष द्यायला गेले. 20 डिसेंबर 2005 चा निकाल मंडळाच्या विरोधात गेला आणि त्यात न्यायाधीशांनी फुलरच्या साक्षीतलीच वाक्यं आयडीच्या विरोधात वापरली, कारण विज्ञानाचे मूळ नियमच बदलायचा हा प्रकल्प आहे हे त्यांच्याच बोलण्यातून निघालं. फुलर आजही म्हणतात की पोस्ट-ट्रुथ हे एसटीएसचंच अपत्य आहे, ते अभिमानाने स्वीकारा. मला हे पटत नाही. एका डॉक्टरेट असलेल्या माणसाची साक्ष आणि दीडशे वर्षांचं जीवशास्त्र यांना समोरासमोर ठेवून "मुलांना ठरवू द्या" म्हणणं यात लोकशाही कुठे आहे? मुलांकडे ठरवायला लागणारी साधनंच नाहीत, त्यांना ती द्यायची असतात म्हणून तर शाळा.

2017 चं भांडण काय होतं?

सर्जिओ सिसमोंडो हे या क्षेत्रातल्या मुख्य जर्नलचे तेव्हाचे संपादक. त्यांनी लिहिलं की ज्ञान घडवलं जातं म्हणजे ते स्वस्तात घडतं असं नव्हे, त्याला पायाभूत यंत्रणा, कष्ट, कल्पकता आणि तपासणीच्या व्यवस्था लागतात, नुसत्या ट्विटर अकाउंटवर ते होत नाही. हॅरी कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की एवढं सोपं नाहीये, सिमेट्रीने तज्ज्ञांचं वजन कमी केलंच आहे, हे मान्य करा आणि आता तज्ज्ञता म्हणजे काय याचा सिद्धांत बांधा. कॉलिन्सनी गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांसोबत काही दशकं घालवलीत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. तिसरीकडे शीला जासनॉफ आणि हिल्टन सिमेट यांचं म्हणणं की सत्याचं सुवर्णयुग असं काही नव्हतंच, ज्याची आता तिरडी बांधायची, प्रश्न कायम हाच होता की सार्वजनिक निर्णयासाठी कोणाचा पुरावा, कोणासमोर, कोणत्या पद्धतीने.

माझं मत विचाराल तर रोगाचं निदान कॉलिन्सचं बरोबर, उपाय जासनॉफचा. कॉलिन्स म्हणतात की वैज्ञानिक आणि समाजशास्त्रज्ञ अशा दोघांची एक समिती असावी जिने सरकारला फक्त एवढंच सांगायचं की या प्रश्नावर वैज्ञानिकांचं एकमत आहे का आणि किती पक्कं आहे, निर्णय सरकारने घ्यावा. कल्पना चांगली आहे. पण ज्या सरकारला ऐकायचंच नाही ते त्या समितीवर आपली माणसं बसवेल, तेव्हा काय करायचं याचं उत्तर समितीत नाही, लोकांमध्ये आहे.

तज्ज्ञांना प्रश्न विचारणारे सगळेच पोस्ट-ट्रुथवाले का?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

1986 मध्ये चेर्नोबिलची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर इंग्लंडच्या कम्ब्रिया भागात डोंगरांवर पडली. मेंढ्या विकायला बंदी आली. तज्ज्ञ म्हणाले तीन आठवडे. शेवटची बंधनं उठली 2012 मध्ये. तज्ज्ञांचं गणित चिकणमातीच्या जमिनीवर आधारलेलं होतं, त्या मातीत सीझियम (धुळीतलं किरणोत्सारी द्रव्य) अडकून बसतं, पण डोंगरावरच्या आम्ल, कुजकट मातीत ते फिरत राहतं आणि गवतातून पुन्हा मेंढीत येतं. शेतकऱ्यांना आपली जमीन, आपली चराई माहीत होती, त्यांना कोणी विचारलं नाही. शिवाय शेजारीच सेलाफिल्डचा अणुप्रकल्प, जिथे 1957 मध्ये आग लागली होती आणि तेव्हाही सगळं ठीक आहे असंच सांगितलं गेलं होतं. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या शेतकऱ्यांशी बोलून दाखवलं की त्यांचा अविश्वास अडाणीपणातून आलेला नव्हता, त्याला अनुभव होता. आपल्याकडे 1897 च्या पुण्याच्या प्लेगचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना हे लगेच कळेल, घराघरात सैनिक घुसवून केलेल्या तपासणीने प्लेगच्या उपायांवरचाच विश्वास उडाला होता.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची, 1987 मध्ये सुरू झालेल्या ॲक्ट-अप या एड्स रुग्णांच्या चळवळीची. त्यांनी औषध चाचण्यांच्या पद्धतीलाच आव्हान दिलं, आमचे मित्र मरतायत आणि तुम्ही कोणाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी देताय. पण ते ओरडून थांबले नाहीत, विषाणूशास्त्र शिकले, सांख्यिकी शिकले, समित्यांमध्ये जाऊन बसले. आणि 1993 मध्ये काँकॉर्ड चाचणीत दिसलं की एझेडटी हे एड्सवरचं औषध लवकर सुरू करून अपेक्षित फायदा होत नाही, तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी भूमिका बदलली आणि आता आणखी मोठ्या, आणखी काटेकोर चाचण्या हव्यात असं म्हणायला लागले.

तिसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनाही तज्ज्ञांवर शंका होती, एचआयव्हीने एड्स होतो यावर शंका, एझेडटी विषारी आहे ही भीती, आणि पाश्चात्त्य औषध कंपन्यांवरचा राग, जो काही पूर्ण बिनबुडाचा नव्हता. त्यांनी 2000 मध्ये नेमलेल्या सल्लागार समितीत एचआयव्ही नाकारणाऱ्यांनाही बसवलं. वैज्ञानिक जगात तो वाद तोपर्यंत संपलेला होता, पण बाहेरून बघणाऱ्याला तो जिवंत वाटत होता. औषधं उशिरा आली. हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये अंदाज काढला की या धोरणामुळे 3 लाख 30 हजारांहून जास्त जीव गेले. तिथेही लढले ते रुग्णच, ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनने सरकारला कोर्टात खेचलं आणि 2002 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गरोदर बायकांना नेव्हिरापिन, म्हणजे बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध, द्यायचा आदेश दिला.

तिन्हीकडे तज्ज्ञांना आव्हान आहे. फरक कसा ओळखायचा? कोण किती शिकलंय यावरून ओळखता येत नाही, शेतकरी शिकलेले नव्हते आणि एम्बेकी अर्थशास्त्र शिकलेले होते. मी हे बघते की आव्हान देणाऱ्याला उत्तर मिळालं की तो काय करतो. ॲक्ट-अपवाल्यांनी उत्तर तपासलं आणि मत बदललं. शेतकऱ्यांना मोजणीच हवी होती, फक्त त्यांच्या डोंगरावरची. सिगारेट कंपन्यांना आणि एम्बेकींच्या सल्लागारांना मात्र कोणतंही उत्तर पुरलं नसतं, कारण वाद चालू राहणं हाच त्यांचा फायदा होता किंवा माघार घेणं परवडणारं नव्हतं. हा फरक दाखवून देणं हे विज्ञानाच्या अभ्यासकांचं काम आहे आणि ते आमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही, कारण वाद कसे सुरू होतात आणि कसे मिटतात याचाच आम्ही अभ्यास केलाय.

लोकांना विज्ञानाच्या आतली भांडणं, अनिश्चितता दाखवली तर विश्वास आणखी कमी नाही का होणार?

मला उलट वाटतं. नोव्हेंबर 2009 मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान वैज्ञानिकांचे ईमेल चोरून बाहेर काढले. त्यात "ट्रिक" हा शब्द होता, जो वैज्ञानिक रोज वापरतात, हिशोबाची युक्ती अशा अर्थाने. चिडचिड होती, एखाद्या विरोधकाबद्दल वाईटसाईट होतं. एकामागून एक चौकशा झाल्या, आकडे बनवल्याचं कुठेही निघालं नाही. तरी गहजब झालाच, कारण लोकांना शाळेपासून सांगितलं होतं की वैज्ञानिक म्हणजे पांढऱ्या कोटातला निर्विकार माणूस. त्या चित्रासमोर साधी ऑफिसातली बोलाचालीसुद्धा गुन्हा दिसते.

कोविडमध्येही तेच झालं. मार्च 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठळक अक्षरात टाकलं की कोविड हवेतून पसरत नाही, हे तथ्य आहे. जुलैमध्ये 239 वैज्ञानिकांनी पत्र लिहून सांगितलं की हवेतून पसरण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. पुढे तेच मान्य झालं. मार्चमध्ये "आत्तापर्यंतच्या पुराव्यावरून असं दिसतंय, बदलू शकतं, तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा" असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? लोक लहान नाहीत. शेअर बाजार, पाऊस, पिकाचा भाव, सगळीकडे ते अनिश्चिततेतच निर्णय घेतात.

फॅक्ट-चेक करून भागत नाही का?

लागतोच. भागत नाही. खोटं किती आहे हे मोजून झालं तरी ते कोणाला का हवंय हे उरतंच.

हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा वाद जुना आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य झालं, कलम 51 क. 1981 मध्ये मुंबईत नेहरू सेंटरकडून वैज्ञानिक दृष्टिकोनावर एक निवेदन आलं आणि विचारवंत आशिस नंदींनी त्यावर सडकून टीका केली, की हे लोक विज्ञानाच्या नावाखाली सामान्य माणसाच्या शहाणपणाला तुच्छ लेखतात. 2003 मध्ये विज्ञानाच्या अभ्यासक मीरा नंदा यांनी उलट बाजूने हल्ला केला, की विज्ञानावर टीका करणाऱ्या या डाव्या विचारवंतांनीच "वैदिक विज्ञान"वाल्यांच्या हातात शस्त्र दिलं.

नंदांचं मी गंभीरपणे घेते, पण पूर्ण मान्य नाही. आपल्याकडच्या दाव्यांकडे नीट बघा. जानेवारी 2015 मध्ये मुंबईत इंडियन सायन्स काँग्रेस भरली आणि तिथे प्राचीन भारतात ग्रहांवर जाणारी विमानं होती असा पेपर वाचला गेला. यात कुठे म्हटलंय का की विज्ञान हा फक्त एक दृष्टिकोन आहे, बाकीचेही तितकेच खरे? नाही. म्हणणं असं आहे की विज्ञान हेच सगळ्यात मोठं आणि ते आमच्या पूर्वजांकडे आधी होतं. म्हणजे इथे विज्ञानाचा मान हवाय, मंच हवाय, पेपर हा शब्द हवाय, फक्त तपासणी नकोय. त्यामुळे "विज्ञानावर विश्वास ठेवा" ही घोषणा इथे कुचकामी ठरते, समोरचा म्हणतो आम्ही ठेवतोच.

इथे उपयोगी पडतं ते वेगळं काम. 1974 मध्येच बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी वैमानिकशास्त्र हा ग्रंथ तपासला होता. त्यांनी त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे तर दाखवलंच, पण भाषा आणि हस्तलिखितांचा माग काढून हेही दाखवलं की ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि चित्रं स्थानिक ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेली आहेत. इंजिनिअर असून त्यांनी इतिहासकाराचं काम केलं, आणि आज पन्नास वर्षांनी सुद्धा या विषयावर सगळ्यात ठोस उत्तर तेच आहे.

जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेली ज्योतिषाची चाचणी मला याहून जास्त आवडते. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सोबत होते. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा नीट गोळा केल्या, ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या आणि कुंडली बघून सांगायचं की मूल कोणत्या गटातलं. 51 जणांनी कुंडल्या मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर, नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. ज्योतिष खोटं असं भाषण देण्याऐवजी त्यांनी ज्योतिषांना टेबलावर बोलावलं आणि नियम सगळ्यांसमोर ठेवले. कुठल्याही शाळेत पुन्हा करता येईल असा हा प्रयोग आहे.

आणि हे सगळं पुस्तकी आहे असं कोणाला वाटत असेल तर 20 ऑगस्ट 2013 ची पुण्यातली सकाळ आठवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो प्रश्न विचारले म्हणूनच.

मंत्रीच चुकीचं बोलले तर?

बोलायचं, लगेच, आणि संस्थेच्या नावाने. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढलं की हे चूक आहे. फार कमी वेळा असं झालंय. 2023 मध्ये दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा 1800 हून जास्त वैज्ञानिक, शिक्षकांनी सह्या केल्या.

ठीक आहे, पण अभ्यासकांनी प्रत्यक्ष करायचं काय?

तथ्य ज्यावर उभं राहतं ते वाचवायचं. नोव्हेंबर 2016 मध्ये, ट्रम्प निवडून आल्यावर लगेच, अमेरिकेत एसटीएसचे काही अभ्यासक, पर्यावरणवाले आणि ग्रंथपाल एकत्र आले आणि सरकारी वेबसाइटवरचा पर्यावरणाचा डेटा उतरवून ठेवायला लागले, कोणतं पान कधी बदललं, कुठून "हवामानबदल" शब्द काढला, याची नोंद ठेवायला लागले. 2025 मध्ये पानं पुन्हा गायब व्हायला लागली तेव्हा ही तयारी कामाला आली. भाषणापेक्षा हे जास्त मोलाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे याचं महत्त्व कळायला कुलाब्याची वेधशाळा बघा. 1826 ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी नियमितपणे व्हायची, आणि सप्टेंबर 1859 चं प्रचंड सौर वादळ तिथल्या नोंदवहीत उतरलं, सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (चुंबकत्व मोजायचं एकक) घसरण. आज उपग्रह आणि वीजजाळ्याला सौर वादळाचा किती धोका आहे हे ठरवताना जगभरचे वैज्ञानिक ती नोंद वापरतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर यंत्रांवर परिणाम होईल म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा झाली, आणि दोन्हीकडे काही काळ एकाच वेळी मोजणी करून मगच कुलाब्याची थांबवली, म्हणजे साखळी तुटायला नको. कोणीतरी रोज तिथे जाऊन आकडा लिहिला म्हणून हे तथ्य आहे. हे लोकांना दाखवलं पाहिजे, आणि अशा ठिकाणची पदं रिकामी राहतात, नोंदी बंद पडतात तेव्हा आरडाओरडा केला पाहिजे.

दुसरं, अहवाल लोकांपर्यंत वेळेत आणि त्यांच्या भाषेत पोचेल हे बघायचं. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये तयार होता, तो माहितीच्या अधिकारातून भांडून मे 2012 मध्ये बाहेर आला. मधल्या काळात सिंधुदुर्गापासून केरळपर्यंत अफवांना मोकळं रान. आणि अहवाल तर स्वतःच म्हणत होता की हे ग्रामसभांपुढे न्या, त्यांचं ऐका, मग ठरवा. दडवलेल्या अहवालाची जागा अफवा घेते, आणि मग लोक अडाणी म्हणून हात झटकायचे.

बाजू घेतली तर आपली तटस्थता जाते, त्याचं काय?

वाद कसा घडला हे शोधताना तटस्थ राहायचं, शोधून झाल्यावर काय सापडलं ते सांगायचं. गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध नाही, हे सांगितल्याने कोणाची तटस्थता जात नाही.

टीव्हीवर "दोन्ही बाजू" म्हणून बोलावतात, जावं का?

ज्या प्रश्नावर खरंच दोन बाजू आहेत, म्हणजे धरण इथे व्हावं का, जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, वांग्याला परवानगी द्यावी का, त्याला जावं, कारण तिथे मूल्यांचा वाद आहे आणि तो लोकांसमोरच व्हायला हवा. लसीत चिप आहे का यावर समोरासमोर बसू नये, एकटं बोलायला वेळ देत असतील तरच जावं.

मी विद्यार्थी आहे, कुठून सुरुवात करू?

आजच्या पेपरातला एक आकडा उचला. तुमच्या गावचा पाऊस, शहराचा हवेचा निर्देशांक, जिल्ह्यातलं कुपोषण, काहीही. तो कोणी मोजला, कोणत्या यंत्राने, यंत्र कुठे बसवलंय, किती वाजता वाचतात, कोण वर पाठवतं, मध्ये कोण तपासतं, तो माणूस कायम नोकरीत आहे की कंत्राटी, हे सगळं विचारत विचारत जा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही मुंबईचेच. तिथपासून सुरू करा, आणि सोबत मोजणाऱ्या माणसाची मुलाखत घ्या.